सतरा वर्षांचे मास्तर आणि त्यांचे भागीदार

आपल्या कॉलेजांमध्ये सध्या एक नवा शब्द कानावर येतो : विद्यार्थी-भागीदारी. म्हणजे काय, तर शिकवण्याच्या कामात विद्यार्थ्यांनाही वाटा द्यायचा. विषय निवडताना त्यांचं मत घ्यायचं, काही तास त्यांनी चालवायचे, परीक्षा कशी असावी यावरही त्यांनी बोलायचं. आणि हे कशासाठी? तर पदवी हातात पडल्यावर नोकरीच्या बाजारात मुलं टिकावीत म्हणून. शब्द नवा असेल, गोष्ट मात्र जुनी आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कोलकात्यातल्या एका मास्तरांनी ती करून दाखवली होती. त्यांचं नाव हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ. कॉलेजात शिकवायला आले तेव्हा त्यांचं वय सतरा आणि जग सोडलं तेव्हा बावीस. मधल्या पाच वर्षांत त्यांनी काय केलं आणि त्याची किंमत कुणी कुणी मोजली, हे आपल्यासारख्या मंडळात एकदा सांगायला हवं.

हेन्रीचा जन्म १८ एप्रिल १८०९ चा, कोलकात्यातलाच. घराणं पोर्तुगीज-भारतीय वंशाचं, धर्म ख्रिस्ती. वडील फ्रान्सिस एका इंग्रज व्यापारी पेढीत हिशेबाच्या कामावर होते, घरची स्थिती बरी होती. अशा मिश्र वंशाच्या लोकांना तेव्हा 'ईस्ट इंडियन' म्हणत. इंग्रज त्यांना आपल्यात धरत नसत आणि इथले लोकही त्यांना आपलं म्हणत नसत. कंपनी सरकारातल्या मानाच्या जागा त्यांना बंद होत्या. नोकरी कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा प्रश्न हेन्रीने पुस्तकात वाचला नव्हता, तो त्याच्या घरातच होता.

सहाव्या वर्षी हेन्री धरमतल्ला अ‍ॅकॅडमीत गेला. शाळा चालवणारे डेव्हिड ड्रमंड हे स्कॉटलंडहून आलेले, कविता करणारे आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय न मानणारे गृहस्थ. त्यांच्या शाळेत इंग्रज, ईस्ट इंडियन आणि हिंदू मुलं एकाच बाकावर बसत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आठ वर्षं हेन्री तिथे शिकला. पुढे त्याने जे केलं त्याचं बी या शाळेत पडलं, असं म्हणायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि वडिलांच्याच पेढीत कारकुनी सुरू झाली. जमाखर्चात मन रमेना. मग तो भागलपूरला, नात्यातल्या काकांच्या निळीच्या कारखान्यावर गेला. समोर गंगा वाहत होती. कामातून वेळ काढून हेन्री कविता लिहू लागला आणि कोलकात्याच्या 'इंडिया गॅझेट'कडे पाठवू लागला. संपादक डॉ. जॉन ग्रँट यांना हा मुलगा वेगळा वाटला. त्यांनी कविता छापल्या, हुरूप दिला. १८२७ मध्ये पहिला कवितासंग्रह आला, पुढच्याच वर्षी 'फकीर ऑफ जंघीरा' ही दीर्घ कथाकविता आली. इंग्रजीत लिहिणारा हा कवी भारताला आपला देश म्हणत होता, आणि ही गोष्ट त्या काळी नवी होती.

पण संग्रह येण्याआधीच, म्हणजे १८२६ मध्ये, त्यांना हिंदू कॉलेजात शिक्षकाची जागा मिळाली होती. इथून पुढे त्यांना 'अहो-जाहो' म्हणायला हवं. कारण समोर बसलेली मुलं त्यांच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असली, तरी ते आता मास्तर होते.

हिंदू कॉलेज म्हणजे आजचं प्रेसिडेन्सी. १८१७ मध्ये कोलकात्यातल्या हिंदू पुढाऱ्यांनी वर्गणी काढून ते उभं केलं. डेव्हिड हेअर नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजींचा त्यात मोठा हात होता. इंग्रजी भाषा आणि युरोपातली शास्त्रं मुलांना यावीत, हा संस्थापकांचा उद्देश. पालकांचा हिशेब अर्थात सरळ होता. इंग्रजी आलं, अक्षर वळणदार झालं, तर कंपनीच्या कचेरीत किंवा एखाद्या गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीत पोरगं चिकटेल. त्याहून वरच्या जागा भारतीयांना बहुतेक मिळतच नव्हत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट हीच त्या कॉलेजची मुख्य ओढ होती. यात वाईट काहीच नाही, आपल्या आईवडिलांनीही आपल्याला कॉलेजात घालताना दुसरं काय मनात धरलं होतं?

डेरोझिओंकडे इंग्रजी साहित्य आणि इतिहास हे विषय होते. त्यांची शिकवण्याची रीत मात्र निराळी होती. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, पाठ करून घ्यायचा, एवढ्यावर ते थांबत नसत. ते एखादा प्रश्न वर्गापुढे टाकत. त्याची एक बाजू जोरात मांडत, मग तितक्याच जोरात दुसरी मांडत, आणि मुलांना मध्ये पडायला लावत. ईश्वर आहे की नाही, या प्रश्नावर ह्यूम या तत्त्ववेत्त्याचे आक्षेप त्यांनी सांगितले, तसेच रीड आणि स्ट्यूअर्ट यांनी त्यांना दिलेली उत्तरंही सांगितली. निकाल मुलांनी लावायचा. मास्तरांचं मत हे वर्गातल्या अनेक मतांपैकी एक. तास संपला तरी बोलणं संपत नसे. मुलं त्यांच्या घरी जात, तिथेही तेच चाले.

यातूनच १८२८ च्या सुमारास 'अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन' उभी राहिली. आपल्या वाङ्मय मंडळांची आणि वादविवाद मंडळांची ही थोरली बहीणच समजा. अध्यक्ष डेरोझिओ, पण चिटणीस उमाचरण बसू हा तरुण. मुलं निबंध लिहून आणत, सभेत वाचत, बाकीचे त्यावर तुटून पडत. दैव मोठं की इच्छा, सद्गुण म्हणजे काय, मूर्तिपूजा बरोबर आहे का, असे विषय. सभा पुढे माणिकतल्याच्या एका बागेत भरू लागल्या. पोरांचं बोलणं ऐकायला कोण येऊन बसत असे पाहा : डेव्हिड हेअर तर नेहमीचे, शिवाय न्यायाधीश एडवर्ड रायन, बिशप्स कॉलेजचे प्राचार्य डॉ. मिल. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा न्यायाधीशासमोर उभा राहून आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडतोय, आणि कुणी हरकत घेतली तर न चिडता उत्तर देतोय. कुठल्याही क्रमिक पुस्तकात हा धडा नव्हता. मुलं ऐकणारी राहिली नव्हती, शिकवण्याच्या कामात भागीदार झाली होती.

१८३० मध्ये मुलांनी स्वतःचं इंग्रजी पत्र काढलं, 'पार्थेनॉन'. स्त्रियांचं शिक्षण, न्यायालयातली महागाई असे विषय त्यात आले आणि कॉलेजच्या व्यवस्थापकांनी ते लगेच बंद पाडलं. त्याच वर्षी धर्म आणि राजकारण यांची चर्चा होणाऱ्या सभांना विद्यार्थ्यांनी जाऊ नये, असा हुकूमही काढला. मुलं जातच राहिली.

आता दुसरी बाजूही बघू, नाहीतर आपण डेरोझिओंचे विद्यार्थी कसले! शहरात कुजबुज वाढत होती. पोरं देवाला नमस्कार करीत नाहीत, बापाला उलट प्रश्न विचारतात, निषिद्ध ते खातात. यातलं काही खरं होतं, काही तिखटमीठ लावलेलं. काही घरांनी मुलं कॉलेजातून काढून घेतली. वर्गणी देऊन कॉलेज उभं करणाऱ्या माणसांना वाटलं, आपण पोरगं कचेरीसाठी तयार करायला पाठवलं आणि ते घरालाच मुकलं. त्यांची भीती खोटी होती असं म्हणता येत नाही. जातीबाहेर पडलेल्या मुलाला त्या काळी ना घर, ना लग्न, ना वारसा.

२३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापक मंडळाची सभा भरली. डेरोझिओ शिकवायला नालायक आहेत का, या प्रश्नावर बहुमत त्यांच्या विरुद्ध गेलं नाही. मग प्रश्न फिरवून विचारण्यात आला : हिंदू समाजाची आजची मनःस्थिती पाहता त्यांना काढणं सोयीचं आहे का? यावर बहुमत मिळालं. हेअर आणि संस्कृतचे पंडित डॉ. विल्सन यांनी या मतदानात भाग घेतला नाही. ज्यांच्यावर आरोप होते त्यांना बोलावलंसुद्धा नव्हतं. दोनच दिवसांनी डेरोझिओंनी राजीनामा दिला आणि आपलं म्हणणं न ऐकताच हे ठरलं, याची नोंद पत्रात केली.

डॉ. विल्सन यांनी त्यांना खासगीत तीन गोष्टी विचारल्या : तुम्ही ईश्वर मानता का, आईवडिलांची आज्ञा पाळणं हे कर्तव्य नाही असं शिकवता का, आणि भावाबहिणीचं लग्न तुम्हाला गैर वाटत नाही हे खरं का. शेवटच्या दोन गोष्टी त्यांनी साफ नाकारल्या. पहिलीवर त्यांचं उत्तर असं होतं की, या विषयावर विचारवंतांनी दोन्ही बाजूंनी जे लिहिलं ते त्यांनी मुलांपुढे ठेवलं. एकच बाजू शिकवून अर्धवट माणसं तयार करणं हे त्यांना शिक्षकाचं काम वाटत नव्हतं.

नोकरी गेली. बावीस वर्षांचे माजी शिक्षक, घरची जबाबदारी, आणि ईस्ट इंडियन म्हणून सरकारी दारं बंद. त्यांनी 'द ईस्ट इंडियन' हे दैनिक काढलं आणि आपल्या समाजाच्या हक्कांबद्दल त्यात लिहू लागले. पत्र चालवताना पदरचे पैसे गेले. डिसेंबरात ते आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला गेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पटकीने त्यांना गाठलं. २६ डिसेंबर १८३१ ला ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांचे विद्यार्थी उशाशी होते. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट स्मशानभूमीत त्यांना पुरलं. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते. बाळशास्त्री स्वतः डेरोझिओंच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे. म्हणजे काळ कोणता होता, हे लक्षात येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या भागीदारीचं पुढे काय झालं? मुलांना पोट भरता आलं का?

राधानाथ सिकदर घ्या. १८३१ च्या अखेरीस, म्हणजे मास्तर गेले त्याच सुमारास, तो महिना तीस रुपयांवर सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून लागला. गणित तो डॉ. टायटलर यांच्याकडे शिकला होता, त्याचं श्रेय डेरोझिओंना देता येणार नाही. पुढे तो मुख्य गणक झाला. हिमालयातलं 'पीक १५' हे जगातलं सर्वांत उंच शिखर आहे, हे दाखवणारी आकडेमोड त्याच्या नावाशी जोडली जाते. २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली आणि शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळालं. पण याच राधानाथने १८४३ मध्ये डेहराडूनला खात्याच्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेटला अडवलं, खटला अंगावर घेतला आणि दोनशे रुपये दंड भरला. गणिताने नोकरी दिली. नोकरीत ताठ कसं उभं राहायचं, ते त्या बागेतल्या सभांनी शिकवलं असावं.

रामगोपाल घोष डेव्हिड हेअरच्या शिफारशीने एका ज्यू व्यापाऱ्याकडे साहाय्यक म्हणून लागला. पुढे इंग्रज पेढीत भागीदार झाला, मग स्वतःच्या नावाची पेढी काढली. त्याच्या इंग्रजी वक्तृत्वाने कोलकात्यातले गोरे व्यापारी बिथरत असत. प्यारीचांद मित्र १८३६ मध्ये कलकत्ता पब्लिक लायब्ररीत उपग्रंथपाल झाला आणि पुढे तिचा ग्रंथपाल. त्याने राधानाथबरोबर स्त्रियांना वाचता येईल अशा सोप्या बंगालीत मासिक काढलं आणि 'आलालेर घरेर दुलाल' लिहून बंगाली कादंबरीची वाट पाडली. शिवचंद्र देव आणि रसिककृष्ण मल्लिक डेप्युटी कलेक्टर झाले. ही जागा भारतीयांना १८३३ मध्ये उघडली, म्हणजे ही मुलं शिकत होती तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती! हरचंद्र घोष कोलकात्याच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश झाला. रामतनू लाहिरी आयुष्यभर शाळामास्तर राहिला आणि त्याच्या साधेपणाची गोष्ट बंगालात घरोघर पोचली.

कृष्णमोहन बंदोपाध्यायची कथा सर्वांत खडतर. त्याने 'एन्क्वायरर' नावाचं पत्र काढलं होतं. ऑगस्ट १८३१ मध्ये तो घरी नसताना मित्रांनी त्याच्या घरात गोमांस खाल्लं आणि हाडं शेजारच्या ब्राह्मणाच्या अंगणात फेकली. स्वातंत्र्याच्या नावाखाली केलेला हा शुद्ध आचरटपणा होता. घर सुटलं ते मात्र कृष्णमोहनचं. पुढच्या वर्षी अलेक्झांडर डफ यांच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे तो धर्मगुरू झाला, बिशप्स कॉलेजात प्राध्यापक झाला, इंग्रजी-बंगाली ज्ञानकोशाचे तेरा भाग त्याने काढले, आणि १८७६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. ज्या शहराने त्याला रस्त्यावर आणलं होतं त्याच शहरात म्हातारपणी लोक त्याला सभांचं अध्यक्षपद देत होते.

मास्तर गेल्यावर ही मंडळी पांगली नाहीत. १८३८ मध्ये त्यांनी पुन्हा एक ज्ञानसभा काढली. १८४३ मध्ये हिंदू कॉलेजच्या दालनात तिथे दक्षिणारंजन मुखोपाध्यायने कंपनीच्या न्यायालयांवर आणि पोलिसांवर टीका करणारा निबंध वाचला. प्राचार्य रिचर्डसन मध्येच उठले आणि हा राजद्रोह इथे चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. अध्यक्ष ताराचांद चक्रवर्ती यांनी शांतपणे त्यांना अडवलं. इथे आपण पाहुणे आहात, सभा आमची आहे, शब्द मागे घ्या, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. बारा वर्षांपूर्वी एक शिक्षक जिथून न ऐकता घालवला गेला, तिथेच आता सभेचे नियम प्राचार्यांना सांगितले जात होते.

यातून सरळ सूत्र काढायचा मोह होतो : भागीदारी केली की नोकरी मिळते. तसं नाही. ही सारी मुलं पुरुष, हिंदू, बहुतेक वरच्या जातींतली आणि राजधानीत राहणारी. त्या कॉलेजात दुसऱ्या धर्माच्या मुलाला प्रवेशच नव्हता, मुलींचा तर प्रश्नच नाही. इंग्रजी येणारे थोडे होते म्हणूनही त्यांना मागणी होती. नुसती कारकुनी मिळवायला निबंध वाचण्याची गरज नव्हती, ती वळणदार अक्षरानेही मिळाली असती.

पण कारकुनीच्या पुढे काय? ज्या जागा अजून तयारच झाल्या नव्हत्या, त्या उघडल्या तेव्हा ही मुलं तयार होती. व्यापारी पेढी, ग्रंथालय, न्यायालय, शिखराची मोजणी, मासिक, शाळा : इतक्या वेगवेगळ्या कामांची तयारी कुठल्याही एका अभ्यासक्रमातून झाली नसती. त्यांच्यात समान गोष्टी होत्या त्या अशा : विषय स्वतः निवडणं, लिहून आणणं, भर सभेत त्यावर टीका ऐकणं, समोरच्याची बाजू त्याच्याहून नीट मांडता येणं, चिटणीस म्हणून जबाबदारी घेणं. आज मुलाखतीत नेमकं हेच शोधतात, फक्त त्याला 'सॉफ्ट स्किल्स' असं गुळगुळीत नाव देतात.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. अशी भागीदारी फुकट होत नाही. मुलांना खरा वाटा द्यायचा तर शिक्षकाला आपल्या अधिकाराचा वाटा सोडावा लागतो, कधी नोकरीसुद्धा. मुलांनाही नुसता हक्क घेऊन चालत नाही. शेजाऱ्याच्या अंगणात हाडं फेकणारे आणि माणिकतल्याच्या बागेत निबंध वाचणारे एकाच गटातले होते. पहिल्या गोष्टीने एका मित्राचं घर गेलं, दुसरीने अनेकांची आयुष्यं उभी राहिली.

आपल्याकडे समित्यांच्या यादीत विद्यार्थी-प्रतिनिधीचं नाव असतं, अहवालात फोटोही येतो. मंडळाच्या पुढच्या सभेचा विषय मात्र कोण ठरवतं, निबंध कोण लिहून आणतं, आणि सरांचं म्हणणं पटलं नाही तर उठून तसं सांगायची सोय आहे का, हे आपण आपल्यालाच विचारू या. सरांनीही विचारावं. सुरुवात करायला वय आड येत नाही, सतराव्या वर्षीसुद्धा करता येते.